चौथं पान

जून महिन्याच्या दहा तारखेला, मंगळवारी, तेक्ला दोमाश गव्हाच्या शेतात गुडघ्यांवर बसून पानं मोजत होती. वाऱ्याने दोनदा तिचा डोक्याचा रुमाल उडवला होता. तिसऱ्यांदा तिने गाठ हनुवटीखाली अशी आवळली की तोंड उघडायलाही त्रास व्हावा. तसं तिथे बोलायला कोणी नव्हतंच. नवरा नेस्तोर गावातल्या को-ऑपच्या दुकानात, सकाळच्या कॉफीच्या टेबलावर बसला होता.

गव्हाच्या ओळींमध्ये रानओट उगवला होता. लहानपणी तो थेट गव्हासारखा दिसतो. फरक एवढाच, की गव्हाचं पान वाढताना उजवीकडे पीळ घेतं आणि रानओटाचं डावीकडे. तेक्लाने एक रोप उपटलं, मातीसकट तळहातावर धरलं. दोन पानं पूर्ण, तिसरं अर्धं. शनिवारी याच जागी दोनही नव्हती.

औषधाच्या डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं, की रानओटाचं चौथं पान पूर्ण उघडायच्या आत फवारा. त्यानंतर ते औषध रानओटाला सर्दीपडशापेक्षा जास्त काही करत नाही.

आणि हे शेत खायच्या गव्हाचं नव्हतं. एकशेसाठ एकर, सगळं बियाण्याचं. सासऱ्यांनी, ह्रिहोरी दोमाशांनी, सुरू केलेलं हे काम एक्केचाळीस वर्षं चाललं होतं. दर जुलैमध्ये तपासनीस येई, शेतात पायी फिरे आणि पास करून जाई. एखाद-दुसऱ्या चुकार रोपापलीकडे रानओट दिसला की शेत नापास, आणि दोमाशांचं बियाणं नापास झालं असं त्या सगळ्या मुलखात अजून कुणी ऐकलं नव्हतं.

सगळा गोंधळ त्या वर्षीच्या वसंताने केला होता. एप्रिल संपला तरी बांधाला बर्फ होतं. मे महिना ओल्या घोंगडीसारखा गार. एरवी आठ मेला होणारी पेरणी वीस मेला झाली. बी त्या थंड मातीत अकरा दिवस नुसतं पडून राहिलं. वर आलं तेही कुडकुडत. आणि मग चार जूनला कुणीतरी भट्टीचं दार उघडावं तसं ऊन सुरू झालं. दुपारी बत्तीस, तेहतीस. रात्रीही अंगावर चादर नको. जे पीक दहा दिवस हललं नव्हतं ते आता पळत सुटलं, आणि त्याच्यासोबत रानओटही.

जेवताना तिने हे सगळं नेस्तोरला पुन्हा एकदा सांगितलं. चर्चच्या कॅलेंडरवर, संतांच्या नावांखाली, ती रोजचं ऊन लिहीत असे. दिवसाचं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान घ्यायचं, त्यांच्या बेरजेचं अर्धं करायचं आणि मागच्यात मिळवायचं. साधारण नव्वदेक अंश जमले की गव्हाला एक पान फुटतं. रानओटाचंही तसंच. मेसारख्या थंडीत त्याला नऊ-दहा दिवस लागले असते, आता चार लागतात. दिवस मोजून उपयोग नाही, ऊब मोजायला हवी. चौथं पान पुढच्या सोमवारी उघडणार.

नेस्तोरने बोर्शमध्ये, बीटच्या सुपात, पाव बुडवला. "बाबांनी जन्मभर पेरणीनंतर अठ्ठाविसाव्या दिवशी फवारलं. वीस मेला पेरलं, म्हणजे सतरा जून. मंगळवार. झालं."

"तुझे बाबा आठ मेला पेरायचे. त्यांचे अठ्ठावीस दिवस गार असायचे."

"दिवस म्हणजे दिवस."

"पाव भट्टीत टाकला आणि आच दुप्पट केली, तरी तू घड्याळच बघत बसणार का?"

"भट्टी वेगळी, शेत वेगळं," नेस्तोर म्हणाला आणि मीठ मागितलं.

तेक्लाने मीठ पुढे सरकवलं. ते जरा जोरातच सरकलं. तिच्या डोळ्यांसमोर आदला दिवस होता. काल सोमवारी झाडाचं पान हललं नव्हतं. काल दिवसभरात सगळं शेत आटोपलं असतं. पण काल तो म्हणाला, अजून आठवडा आहे, आणि गावात जाऊन दोन तास बसून आला.

टेबलाच्या टोकाला सासूबाई पाराशका बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. कान उत्तम, पण ऐकायचं की नाही हे त्या ठरवत. त्या म्हणाल्या की शनिवारी दोघांनी वेळ काढायचा आहे. येत्या हरित रविवारी चर्चचा सण, घराला लावायला पॉपलरच्या फांद्या तोडायच्या आहेत आणि तळ्याकाठचं वेखंड आणायचं आहे.

बुधवारी नेस्तोरला काय झालं कोण जाणे, पण तो स्वतःच शेतात जाऊन आला आणि थेट फवारणी यंत्राची टाकी भरायला लागला. पान मोजलं का, असं तेक्लाने विचारलं नाही. टाकी भरली, औषध ओतलं, ट्रॅक्टर जोडला. तेवढ्यात पश्चिमेकडून वारा उठला तो असा, की अंगणातली बादली कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेली. शेताच्या पूर्वेला रस्ता ओलांडला की वासिल होलोवातीचं शेत, आणि त्यात पेरलेला ओट, माणसांनी पेरलेला. रानओट मारणारं औषध त्यालाही सोडत नाही. अशा वाऱ्यात फवारणं म्हणजे वासिलचं शेत जाळणं.

गुरुवारीही वारा. शुक्रवारीही. पहाटे थोडा पडायचा, दोघं धावत बाहेर यायची, फवाऱ्याची तोंडं, नोझल, साफ करायची, आणि यंत्राचे लांब हात उघडेपर्यंत कुंपणाच्या तारा पुन्हा शिट्ट्या घालायला लागायच्या. शुक्रवारी तिसऱ्यांदा हात मिटताना नेस्तोरचं बोट सांध्यात चेमटलं. त्याने बोटाकडे पाहिलं, मग आकाशाकडे, मग तेक्लाकडे, जणू हे तिघं मिळूनच कट करत होते. टाकीतलं औषध तळाला बसू नये म्हणून दर काही तासांनी पंप चालू करून ढवळावं लागे. तो आवाज ऐकून पाराशका दरवेळी विचारीत, झालं का फवारून.

कॉफीच्या टेबलावर वासिलला नवा विषय मिळाला होता. नेस्तोरने घरी येऊन तो सांगितला, वर हसायचाही प्रयत्न केला. वासिलने विचारलं होतं, "तुझी बायको रोज गुडघ्यांवर बसून कुणाची प्रार्थना करते रे? चर्च तर दुसऱ्या बाजूला आहे."

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार."

"तेच तर," तेक्ला म्हणाली.

शनिवारी वारा होताच, म्हणून फांद्या तोडल्या. पॉपलरचे हिरवे डहाळे दाराच्या वर खोचले, खिडक्यांना लावले. वेखंड कापून आणलं आणि स्वयंपाकघराच्या जमिनीवर पसरलं. पाय पडला की वास घमघमायचा. पाराशका खुर्चीत बसून डहाळी वाकडी झाली, सरळ कर, असं सांगत होत्या. उद्या आणि परवा घरात कुणी अवजाराला हात लावायचा नाही, हेही त्यांनी सांगितलं. रविवार पवित्र, आणि सोमवारी तर जमिनीचा नामदिवस, तिचा सण. त्या दिवशी तिला टोचायचं नसतं, तिच्यावरून काही ओढायचं नसतं. तेक्ला स्टुलावर उभी राहून डहाळी सरळ करत होती. संध्याकाळी तिने पानं मोजली होती. साडेतीन.

रविवारी ती साडेचारला उठली आणि बाहेर येऊन उभी राहिली. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं, आवाज नव्हता. तारा गप्प. पॉपलर गप्प. चार दिवस कानात भरलेला वारा कुणीतरी काढून घेतला होता.

तेक्लाच्या तोंडून एक शब्द गेला तो हरित रविवारी तोंडून जाऊ नये असा होता.

नेस्तोर दारात आला, बनियनवर. त्यानेही बाहेरचं ऐकलं होतं, म्हणजे काहीच ऐकलं नव्हतं. शेताची दक्षिण कड चर्चच्या दफनभूमीला लागून होती. आज सगळं गाव तिथे येणार, फादर सिल्वेस्तर मिरवणुकीने येऊन एकेक कबर आशीर्वादणार, लोक कबरींवर चादरी अंथरून पाव आणि अंडी मांडणार.

"नाही," तो म्हणाला, तिने काही विचारायच्या आत.

"उद्या वारा नसेल असं लिहून दे. मी परत जाऊन झोपते."

"आजच्या दिवशी दोमाशांच्या शेतात ट्रॅक्टर कधी चालला नाही."

"दोमाशांचं बियाणंही कधी नापास झालं नाही. आज यातलं एक मोडणार आहे. कुठलं ते सांग."

उभा राहून त्याने चेमटलेलं बोट चोळलं आणि आत गेला. आजवर घरात भांडण झालं की तो जिंकायचा किंवा हरायचा. नुसता आत गेला असं पहिल्यांदाच झालं, आणि तेक्लाला त्याचाच जास्त संताप आला.

स्वयंपाकघरात पाराशका आधीच उठून अंडी सोलत होत्या. वेखंडावरून चालत तेक्ला आत आली, कपाटातून रबरी हातमोजे घेतले. पाराशकांनी मान वर केली नाही. "लोक नऊला येतात," एवढंच त्या म्हणाल्या.

हवा अगदी मेलेली असली तरी फवारायचं नसतं. मग औषध खाली बसत नाही, धुक्यासारखं तरंगत भलतीकडे जातं. तेक्लाने जुन्या वर्तमानपत्राचा बोळा पेटवला. धूर आडवा पसरून अंगणातच घुटमळत राहिला. ती वाट बघत बसली. जे काम शनिवारी वाऱ्यामुळे अडलं होतं ते आज वारा नसल्यामुळे अडलं होतं. सहा वाजता ऊन शेतावर आलं, जमीन थोडी तापली, आणि दुसऱ्या बोळ्याचा धूर सावकाश, पूर्वेऐवजी उत्तरेकडे झुकत वर गेला. गवताचं पातं हलेल एवढाच वारा, आणि दोन्हींकडून पाठ फिरवून, वासिलच्या ओटाकडेही नाही आणि कबरींकडेही नाही. तिने ट्रॅक्टर चालू केला.

उत्तरेच्या टोकापासून सुरुवात केली. जा, वळ, ये, वळ. मान मागे वळवून वळवून मानेची शीर ताठली. दोनदा नोझल तुंबलं. उतरून, जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करून परत चढली. एक टाकी संपली तेव्हा अंगणात येऊन भरली. पाण्याचा पाइप धरायला कोणी नव्हतं. नेस्तोर खिडकीत दाढी करत होता. पांढरा सदरा घालून तयार होता. दुसरी टाकीही अर्ध्यावर आली, मग संपत आली. साडेआठला दफनभूमीच्या फाटकाशी पहिली गाडी थांबली. मग दुसरी. गाड्या रस्त्यावर हळू होत, खिडक्यांतून चेहरे दिसत आणि मग त्या पुढे जात. एवढी माणसं एवढ्या हळू गाडी चालवताना तिने कधी पाहिली नव्हती.

नऊला पाच मिनिटं कमी असताना ती दक्षिणेकडे वळली, आणि समोर शेताच्या कडेला पाराशका उभ्या होत्या. काळा रुमाल, हातात टोपली. त्यांनी हात वर केला नाही. फक्त उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे कबरी, कबरींवर चादरी, चादरींवर पाव.

तेक्लाने नोझल बंद केली. ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरली.

"किती राहिलं?" पाराशकांनी विचारलं.

"चाळीस एकर. अजून एक तास लागेल, आई."

"तासभर यांनी अंडी झाकून बसायचं का?" पाराशका म्हणाल्या. "माणसं जेवणार आहेत इथे. राहू दे तेवढं."

तेक्लाने चाळीस एकरांकडे पाहिलं. मग त्या पावांकडे. सासूबाई म्हणाल्या नसत्या तरी तिला थांबावंच लागलं असतं, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच तिला कुणावर चिडावं ते कळेना. तिने यंत्राचे हात मिटले.

तासाभराने ती कपडे बदलून, हात तीनदा साबणाने धुऊन, सासऱ्यांच्या कबरीपाशी नेस्तोरच्या शेजारी उभी राहिली. बायका तिच्याशी बोलल्या, पण नेहमीपेक्षा जरा जास्त गोड. वासिलला मात्र राहवलं नाही.

"तेक्ला, रविवारी देवसुद्धा विश्रांती घेतो म्हणतात. रानओट घेत नाही का?"

"नाही घेत, वासिल. तुमच्याकडचाही घेत नाहीये. एकदा खाली उतरून बघा."

नेस्तोर खोकला. फादर सिल्वेस्तर पवित्र पाण्यात कुंचला बुडवून कबरींवर शिंपडत पुढे आले. थेंब सरळ खाली पडत होते, एकही बाजूला जात नव्हता. तेक्ला ते बघत राहिली आणि मनात एकरांचा हिशोब करत राहिली.

सोमवारी सकाळी सातलाच वारा परत आला. तो जमिनीच्या नामदिवसाला आला असं पाराशका म्हणाल्या, त्यामुळे तेक्लाने नाश्ता बाहेर पायरीवर बसून केला. मंगळवारी, नेस्तोरच्या अठ्ठाविसाव्या दिवशी, वाऱ्याने को-ऑपची पाटी पाडली. बुधवारी चौथं पान सपाट उघडलं होतं आणि पाचव्याचं टोक आत दिसत होतं. गुरुवारी वारा पडला, आणि नेस्तोरने टाकी भरली.

तेक्लाने त्याला एकदाच सांगितलं, की आता हे पाणी टाकल्यासारखं आहे. त्याने ते चाळीस एकर नीट, सरळ, कडेपासून कडेपर्यंत फवारले, बाबा फवारायचे तसे. आठवड्याने रानओट पिवळा पडला. नेस्तोरने तिला पिकअपमध्ये बसवून दाखवायला नेलं. पंधरा दिवसांनी तो पुन्हा हिरवा झाला, जरा उंचच. तेव्हा कुणी कुणाला दाखवायला नेलं नाही.

जुलैमध्ये रानओटाच्या लोंब्या गव्हाच्या वर आल्या. गहू अजून मुठीएवढा खाली, आणि वर रानओट बारीक झुंबरांसारखा हलतोय. एकशेवीस एकरांत क्वचित एखादा. चाळीस एकरांत मोजायची सोय नव्हती. मग दोघं रोज पहाटे पोती घेऊन जायची आणि हाताने उपटायची. वाकायचं, मुळाशी धरायचं, ओढायचं, पोत्यात घालायचं, दोन पावलं. दहाच्या पुढे ऊन असं व्हायचं की घामाने डोळे चुरचुरायचे. गव्हाच्या कुसळांनी मनगटं सोलवटून निघाली. नेस्तोरची कंबर दुसऱ्याच दिवशी धरली. तो वाकायच्या ऐवजी गुडघ्यांवर बसून सरकायला लागला. रस्त्यावरून वासिलची पिकअप गेली. तिने एकदा भोंगा वाजवला. नेस्तोरने मान वर केली नाही.

नऊ दिवसांत त्यांनी सहा एकर साफ केले. दहाव्या दिवशी तपासनीस आली.

ती तरुण मुलगी होती, गावाबाहेरची, बूट चिखलात जुने झालेले, हातात वही आणि एक तारेची कडी. नेस्तोरने तिला उत्तरेकडून नेलं. तेक्ला मागे. पाराशकांनी हट्ट धरला म्हणून त्याही आल्या होत्या, आणि दफनभूमीच्या कडेला उभ्या केलेल्या पिकअपमध्ये खिडकी उघडी टाकून बसल्या होत्या. मुलगी मोजून पावलं टाकी, कडी गव्हात ठेवी, वाके, बघे, लिही. पुन्हा पावलं. दोन तास हेच चाललं. एकशेवीस एकरांत तिला तीन रानओट सापडले. तिने तिन्ही उपटून खिशात घातले आणि पास असं लिहिलं.

मग ती चालत चालत त्या रेषेपाशी आली. रेषाच होती ती. दोरी लावून आखल्यासारखी. इकडे नुसता गहू, तिकडे रानओटाचं झुंबरावर झुंबर. तिने पुढे कडी टाकलीसुद्धा नाही. मध्ये तीन पावलांची पट्टी कापून हे वेगळं करा, हा भाग बियाण्यात नाही, असं तिने सांगितलं. आवाज काही वाईट नव्हता. तेक्लाला हे महिनाभर माहीत होतं.

"पण असं मधेच का सोडलं?" मुलीने विचारलं. "औषध संपलं होतं का?"

"नाही," पिकअपच्या खिडकीतून पाराशका म्हणाल्या. "इथे रविवार लागला."

मुलीने वहीतून मान वर केली. तिला ते नीटसं कळलं नव्हतं. ती नेस्तोरकडे बघत राहिली, कारण शेत त्याच्या नावावर होतं आणि सही त्याचीच लागणार होती.

नेस्तोरने टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली. गुडघ्यांवर मातीचे दोन गोल होते. घसा साफ केला. तेक्लाने ओळखलं की आता तो वाऱ्याबद्दल सांगणार. चार दिवसांचा वारा, मंगळवारचा वारा, को-ऑपची पाटी. आणि ते खरंच होतं, त्यात काही खोटं नव्हतं.

"त्याच्या आधी एक सोमवार होता," तो म्हणाला. "अजिबात वारा नसलेला. तेव्हा हिने सांगितलं होतं, आज फवार. मी कॉफी प्यायला गेलो."

मुलीने ते वहीत लिहिलं नाही. वहीत त्यासाठी रकाना नव्हता. तिने सही घेतली आणि गाडीकडे निघाली.

तेक्लाचं बोलायचं होतं ते महिनाभरात इतक्या वेळा मनात बोलून झालं होतं की आता त्यातलं काहीच शिल्लक नव्हतं. तिने पट्टी कुठून कापायची ते पावलांनी मोजायला सुरुवात केली, आणि नेस्तोर खुंट्या आणायला पिकअपकडे गेला.